झाडावरची विद्या आणि परदेशची भाकर

बेल्लमपल्ली व तिच्या आजूबाजूच्या खेड्यांतील आईबाप अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. "मुलगा ताडावर सरसर चढतो. इथे ह्या कामास मान नाही आणि दामही नाही. परदेशात झाडांची कामे करणाऱ्यांस चांगले पैसे मिळतात असे ऐकतो. तर त्यास धाडावे काय?" प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्यामागे घरचा शेताचा तुकडा, सुनेच्या अंगावरचे चार दागिने आणि एका तरुणाचे धडधाकट हातपाय एवढे सगळे पणास लागलेले असते. म्हणून 'होय' अगर 'नाही' असे एका शब्दात सांगून मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

उत्तराचा गाभा मात्र आरंभीच सांगून ठेवतो. झाडावर चढणे ही एक विद्या आहे. झाडाचे काय कापावे आणि काय राखावे हे जाणणे ही दुसरी विद्या. आणि ह्या दोन्ही आपणांस येतात हे परक्या मुलखात कागदाने सिद्ध करणे ही तिसरी. आमच्या मुलांपाशी पहिली पुरेपूर आहे, दुसरी अर्धीमुर्धी आहे, आणि तिसरी बहुधा मुळीच नाही. जी उणीव आहे ती घर सोडण्यापूर्वी भरून काढावी, आणि मगच पासपोर्टाची भाषा बोलावी. हे का व कसे, ते आता क्रमाने पाहू.

कोळसा आणि ताड

ज्या वाचकांनी बेल्लमपल्ली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. काजीपेठ ते बल्लारशा ह्या लोहमार्गावर, मंचेरियालच्या उत्तरेस, सिंगरेणीच्या कोळशावर वाढलेले हे गाव. पूर्वी ते अदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली नवे जिल्हे झाले तेव्हापासून ते मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. ह्या मुलखाचे व मराठीचे नाते जुने आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा अदिलाबादमधील राजुरा व किनवट हे भाग मराठी मुलखास जोडले गेले. सरकारी सीमा बदलली, परंतु सोयरिकी, बाजारहाट आणि बोली दोन्हीकडे राहिल्या. म्हणूनच येथल्या घरांत आजही तेलुगूबरोबर मराठी ऐकू येते.

एके काळी ह्या गावातील मुलास नोकरीसाठी दूर पाहावे लागत नसे. सिंगरेणीत १९९० च्या सुमारास एक लाखाहून अधिक कामगार होते. आज तो आकडा चाळीस हजारांच्या आसपास आला आहे. जुन्या भुयारी खाणी मिटत गेल्या, उघड्या खाणींत यंत्रे आली, आणि बापाच्या जागी मुलगा हा सरळ हिशेब उरला नाही. तेव्हा तरुणांची दृष्टी आखाताकडे वळली. मंचेरियाल, निर्मल, जगत्याल, निजामाबाद ह्या टापूतील खेड्यांत आखातात गेलेला माणूस नाही असे गाव विरळाच.

ह्या तरुणांपैकी काहींपाशी एक वडिलोपार्जित कसब आहे. ताडाची व शिंदीची ताडी काढणे हा तेलंगणात गौड समाजाचा परंपरागत धंदा. कोकणात तोच भंडाऱ्यांचा. कमरेभोवती व झाडाभोवती दोराचा फेर टाकून, ज्यास तेलुगूत 'मोकु' म्हणतात, पन्नास-साठ फुटांच्या सरळसोट बुंध्यावर दिवसातून दोन वेळा चढावयाचे, आणि शेंड्यास इजा न होता पोय तासावयाची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु ह्याच धंद्यात दरवर्षी माणसे पडतात. कोणी जिवास मुकतो, कोणी पाठीचा कणा मोडून जन्माचा अंथरुणास खिळतो. तेलंगण सरकारने जुलै २०२४ मध्ये 'काटमय्या रक्षा कवचम्' ह्या नावाने ताडी काढणाऱ्यांस सुरक्षेचा संच देण्यास आरंभ केला. त्यात गिर्यारोहक वापरतात त्या धर्तीचे दोर, पट्टे व अडकवण्या आहेत. ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण परदेशातील झाडांचा कारागीर अशाच साहित्यावर लटकून काम करतो. ज्याने हा संच मिळवला आणि खुंटीला टांगून ठेवला, त्याने परदेशच्या शाळेचे पहिले पुस्तक घरात असून वाचले नाही असे आम्ही म्हणू.

धंद्याचा मूळपुरुष

इंग्रजीत ज्यास 'ट्री सर्जन' अथवा 'आर्बरिस्ट' म्हणतात, त्यास आपण वृक्षवैद्य म्हणू. वठलेली फांदी उतरविणे, घरावर कललेले झाड तुकड्यातुकड्यांनी खाली आणणे, पोखरलेला बुंधा तपासणे, वादळापूर्वी भार हलका करणे, ही त्याची कामे. ह्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात तो जॉन डेव्ही स्वतःच पोटासाठी देश सोडून गेलेला माणूस होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

डेव्हीचा जन्म १८४६ साली इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात एका शेतावरील कामगाराच्या घरी झाला. लहानपणी शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. विशी गाठल्यावर तो अक्षरे शिकला. बागकामाचा अनुभव घेऊन तो १८७३ साली अमेरिकेस गेला, आणि पुढे ओहायो प्रांतातील केंट गावी तेथल्या कबरस्तानाची देखभाल त्याच्याकडे आली. त्या दुर्लक्षित जागेची त्याने बाग केली. झाडांच्या जखमा, कुजलेली खोडे, चुकीच्या छाटणीने मेलेल्या फांद्या ह्यांचे निरीक्षण तो वर्षानुवर्षे करीत राहिला, आणि १९०१ साली त्याने 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९०९ साली त्याच्या व्यवसायाची रीतसर कंपनी झाली व कामगारांस झाडांचे शास्त्र शिकविण्याचे वर्गही निघाले. डेव्ही १९२३ साली वारला. त्याची कंपनी आजही आहे, आणि १९७९ पासून ती तिच्या कामगारांच्याच मालकीची आहे.

ह्या चरित्रातून आम्हांस बोध दिसतो तो असा. डेव्ही हातात कसब घेऊन गेला हे खरे. परंतु केवळ कसबावर तो विसंबला नाही. तो अक्षरे शिकला, झाड का मरते हे शिकला, आणि आपले ज्ञान दुसऱ्यास दाखविता येईल अशा रूपात त्याने मांडले. ह्या तीन पायऱ्यांतील एकही गाळली असती तर तो चांगला माळी म्हणून जगला असता, पण वृक्षवैद्य म्हणून नव्हे.

ताड वेगळा, चिंच वेगळी

आता दुसऱ्या विद्येकडे वळू. ताड, शिंदी, नारळ, खजूर ही एकाच कुळातील झाडे. त्यांस फांद्या नसतात. एकच शेंडा, तो गेला की झाड गेले. हे आमच्या ताडी काढणाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु चिंच, वड, आंबा अथवा विलायतेतील ओक ह्या झाडांची रीत निराळी. फांदी जिथे खोडास मिळते तिथे एक फुगीर कडे असते. कापताना ते कडे राखावे, आणि त्याच्या लगत बाहेरून छेद घ्यावा, हा पहिला नियम. जड फांदी एकाच घावाने तोडली तर ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून प्रथम थोडे पुढे खालून अर्धवट छेद, मग त्याच्याही पुढे वरून छेद, आणि फांदी उतरल्यावर उरलेल्या खुंटास कड्यापाशी तिसरा व शेवटचा छेद, असा क्रम आहे.

ह्यामागचे शास्त्र अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो ह्या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात उलगडून दाखविले. त्याने हजारो झाडे उभी चिरून आतील कूज पाहिली. माणसाची जखम नव्या मांसाने भरून येते. झाडाची जखम तशी भरत नाही. झाड आपल्या जखमी भागाभोवती जणू भिंती उभारते व कुजीस कोंडून टाकते. फांदीचे कडे कापून टाकले म्हणजे ती भिंत उभारण्याची जागाच आपण काढून घेतो. जखमेवर डांबर फासणे, पोकळीत सिमेंट भरणे हे पूर्वीचे उपाय ह्या अभ्यासानंतर मागे पडले. परदेशातील मुकादम नव्या माणसास झाडावर चढवतो तेव्हा तो केवळ चढण्याचा वेग पाहत नाही; खाली पडलेल्या फांदीचा छेदही तो पाहतो.

बेल्लमपल्लीच्या वाचकांस ह्यातील एक गोष्ट ओळखीची वाटेल. खाणीत काम सुरू करण्यापूर्वी छत ठोकून त्याचा आवाज ऐकतात. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला दगड पोकळ बोलतो. वृक्षवैद्यही हातोडीने बुंधा ठोकीत झाडाभोवती फिरतो आणि पोकळीचा आवाज कान देऊन ऐकतो. ज्याच्या बापाने तीस वर्षे कोळशाचे छत ऐकले, त्याच्या मुलास झाडाचा बुंधा ऐकावयास शिकणे अवघड जाऊ नये.

आखातातील खजूर

आमच्या टापूतील तरुणास जे काम प्रत्यक्षात मिळण्याचा संभव अधिक, ते आखातातील खजुरीच्या बागांचे व शहरांतील उद्यानांचे. सौदी अरेबियातील अल-अहसा हे एकच उदाहरण घ्या. ह्या मरुद्यानात पंचवीस लाख खजुरी असल्याची नोंद असून २०१८ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशात स्थान दिले. खजूर लावण्याची, राखण्याची व उतरविण्याची परंपरा चौदा अरब देशांच्या नावे युनेस्कोने २०१९ साली मानवाचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदविली. म्हणजे ज्या कामास आपल्या गावात हलके लेखतात, त्यासच तिकडे राष्ट्राचे भूषण मानतात.

खजुरीत नर व मादी झाडे वेगळी असतात; ताडातही तसेच. वसंताच्या आरंभी नराचा फुलोरा कापून त्याचा पराग मादीच्या फुलोऱ्यावर हाताने घालावा लागतो. त्यानंतर घड विरळ करणे, जड घड वाकवून बांधणे, त्यांस पिशव्या घालणे, उन्हाळ्यात व त्यापुढे फळ उतरविणे, आणि सुकलेल्या झावळ्या व काटे तासून टाकणे असे वर्षभराचे चक्र चालते. प्रत्येक कामासाठी पुन्हा त्याच झाडावर चढावयाचे. तेथील लोकही दोराचा पट्टा कमरेभोवती घेऊन चढतात. अमिराती व ओमानमध्ये त्यास 'हाबूल' म्हणतात. आपला मोकु आणि त्यांचा हाबूल ही चुलत भावंडेच होत.

आणखी एका गोष्टीत आपला माणूस उपयोगी पडतो. नारळाचा शत्रू जो लाल सोंड्या भुंगा, तो मूळचा आपल्याच दक्षिण व आग्नेय आशियाचा. १९८० नंतरच्या दशकात तो आखातात पोचला, आणि तेथून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत पसरला. त्याची अळी बुंधा आतून पोखरते. बाहेरून झाड हिरवे दिसते, आणि एके दिवशी शेंडा कोसळतो. बुंध्यावरचे भोक, त्यातून गळणारा तपकिरी चीक, चावलेल्या तंतूंचा भुसा आणि आंबूस वास ही त्याची लक्षणे. ताज्या जखमेच्या वासाने भुंगा ओढला जातो. म्हणून निष्काळजीपणे तासलेली एक झावळी अख्ख्या झाडाचा घात करू शकते. ज्यास ही लक्षणे लवकर ओळखता येतात, तो बागवानास दहा हमालांहून मोलाचा.

परंतु आखाताचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. उन्हाळ्यातील उष्मा जीवघेणा असतो. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात दुपारी १२ ते ३ पर्यंत, आणि अमिरातीत १२.३० ते ३ पर्यंत, उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास मनाई आहे. कामास जाणाऱ्याने हा आपला हक्क जाणून असावे. दुसरे असे की, शेतमजुराची कायद्याने होणारी राखण कंपनीच्या कामगारापेक्षा दुबळी असते. सौदीने २०२१ साली परदेशी कामगारांस मालक बदलण्याची व देश सोडण्याची काही मोकळीक दिली, तेव्हा शेतमजूर, माळी व घरगडी ह्यांस त्यातून वगळले होते. म्हणून व्हिसावर कोणते काम लिहिले आहे आणि मालक खाजगी शेतकरी आहे की उद्यानांची देखभाल करणारी कंपनी आहे, हे निघण्यापूर्वीच पाहावे. बागकाम म्हणून नेले आणि वाळवंटात मेंढ्या राखावयास लावले, अशा हकिकती तेलंगणाच्या गावोगावी ऐकू येतात.

विलायतेची वाट

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत वृक्षवैद्यकाचा धंदा स्वतंत्र व प्रतिष्ठित आहे, आणि तेथे तिसऱ्या विद्येची, म्हणजे दाखल्याची, खरी गरज लागते. इंग्लंडात यंत्रकरवतीची निगा व वापर, लहान झाड पाडणे, दोरावर चढणे व वर अडकलेल्यास सोडविणे, दोरावर लटकून करवत चालविणे, ह्या प्रत्येकाची वेगळी परीक्षा असते. ऑस्ट्रेलियात वृक्षसंवर्धनाचा तिसऱ्या श्रेणीचा दाखला हा कारागिराचा पाया मानतात. १९२४ साली अमेरिकेत आरंभ झालेली आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्था प्रमाणित आर्बरिस्टाची परीक्षा घेते. त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव अगर तत्सम शिक्षण लागते, आणि मिळालेला दाखला तीन वर्षांनी पुढील अभ्यास दाखवून नवा करावा लागतो.

'एवढी कागदपत्रे कशास? झाडावर चढवून पाहा की,' असे आमचे तरुण म्हणतील. ह्याचे उत्तर त्यांच्या घरातच आहे. खाणीत वीस वर्षे घाम गाळलेला मनुष्यही सरदारकीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय माइनिंग सरदार होत नाही. नवा गडी १९६६ च्या नियमांप्रमाणे शिक्षण घेतल्याशिवाय खाणीत उतरत नाही. त्यास कोणी अपमान मानीत नाही. कारण एकाच्या अज्ञानाने दहांचे जीव जातात. झाडावरही तेच. तेथे दोराचे दोन स्वतंत्र आधार घेण्याची शिस्त आहे, आणि वर चढलेल्यास सोडवून आणू शकेल असा दुसरा मनुष्य खाली हजर असल्याशिवाय काम सुरू करीत नाहीत. आपला ताडीवाला पहाटे एकटाच रानात जातो. ही सवय त्यास मोडावी लागेल.

चढण्यातही निरनिराळ्या झाडांचे धोके निराळे. कॅलिफोर्नियासारख्या भागात पंख्याच्या आकाराच्या पानांचे ताड असतात. त्यांच्या वाळक्या पानांचा घागऱ्यासारखा जाड थर बुंध्याभोवती वर्षानुवर्षे लोंबत राहतो. खालून वर चढत तो कापू गेल्यास संपूर्ण थर एकदम घसरून चढणाऱ्याच्या अंगावर बसतो, आणि पट्ट्यात जखडलेला मनुष्य त्याखाली गुदमरून मरतो. असे अपघात अनुभवी माणसांचेही झाले आहेत. म्हणून अशा झाडावर वरून खाली काम करीत येण्याचा नियम आहे. तसेच जिवंत ठेवावयाच्या झाडावर पायास लोखंडी काटे बांधून चढणे तेथे निषिद्ध मानतात. त्या भोकांतून रोग शिरतो. शिवाय इंग्लंडात संरक्षित ठरविलेले झाड परवान्यावाचून छाटणे हा गुन्हा आहे. आपल्याकडेही महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ चा, आणि तेलंगणात २००२ चा, वृक्षांचे रक्षण करणारा कायदा आहेच.

व्हिसाची गोष्ट स्पष्टच सांगतो. इंग्लंडने जुलै २०२५ पासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी कामाची पातळी पदवीच्या बरोबरीस नेली. काही अपवाद आहेत, तरी केवळ झाडे चढता येतात एवढ्या बळावर आता तो दरवाजा उघडणे कठीण. जो दलाल 'विलायतेत झाडांचे काम, आठ दिवसांत व्हिसा' असे सांगेल त्याच्यापासून चार हात दूर राहावे. आणि ज्यांस रीतसर प्रवेश मिळतो त्यांसही बहुधा आरंभी झाडाखालचा गडी म्हणूनच उभे करतात. फांद्या ओढणे, त्यांचा चुरा करणाऱ्या यंत्रात त्या घालणे, दोर सांभाळणे, हे काम काही काळ केल्यावर मग वर चढण्याची पाळी येते. मोटार चालविण्याचा परवाना, प्रथमोपचाराचा दाखला आणि सूचना समजण्यापुरती इंग्रजी ही तीन साधने ज्याच्यापाशी आहेत, त्याची पाळी लवकर येते.

निघण्यापूर्वी

आता कर्तव्याचा विचार करू. प्रथम अंगच्या कौशल्यास आपल्याच देशात दाखला मिळवावा. केरळात २०११ साली नारळ विकास मंडळाने 'नारळवृक्षाचे मित्र' ह्या नावाने तरुणतरुणींस चढण्याचे यंत्र, प्रशिक्षण व विमा देण्याची योजना काढली, आणि जे काम करावयास कोणी धजत नव्हते त्यास नवी प्रतिष्ठा आली. शासनाच्या कौशल्य विकास योजनेतही पूर्वानुभव पारखून प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आलेली आहे. माळीकामासारख्या कामांचा त्यात समावेश आहे. आपण केलेल्या कामाची वही ठेवावी: कोणते झाड, किती उंच, काय केले, कोणासाठी केले. कामापूर्वीचे व कामानंतरचे छायाचित्र जोडावे. ज्याचे झाड उतरविले त्याच्याकडून दोन ओळींचे पत्र घ्यावे. परक्या देशातील मालकासमोर अशी वही वशिल्याच्या चिठ्ठीपेक्षा अधिक बोलते.

दुसरी गोष्ट, दार कायद्याचे असावे. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टावर परवानगीची अट असते, आणि आखाती देशांसह अठरा देशांत कामास जाताना त्यास सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी सरकारच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेतून मिळते; तेलंगणातील लोकांसाठी हैदराबादेस आणि महाराष्ट्रातील लोकांसाठी मुंबईस प्रवासी-संरक्षक अधिकाऱ्याची कचेरी आहे. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या दलालास माणसे पाठविण्याचा अधिकार नाही. परवानाधारकानेही सेवेपोटी ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्याहून अधिक घेता कामा नये. जो लाख-दीड लाख मागतो तो त्याच क्षणी स्वतःची ओळख देत असतो. तेलंगण सरकारची 'टॉमकॉम' ही स्वतःची भरती संस्था आहे; तिच्याकडे प्रथम चौकशी करावी.

तिसरे, पर्यटकाच्या व्हिसावर कामास कधीही जाऊ नये. असा मनुष्य तेथे उतरताच गुन्हेगार ठरतो. त्याचा पगार बुडाला तर तो तक्रारही करू शकत नाही. करारनामा आपणांस समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, एवढ्यात अपघाती मृत्यू अगर कायमचे अपंगत्व ह्यांसाठी दहा लाखांचे संरक्षण मिळते. ज्याचा धंदाच उंचीवरचा, त्याने हे पैसे वाचवू नयेत. आखातात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबास पाच लाख रुपये देण्याचा निर्णय तेलंगण सरकारने २०२४ साली केला. परंतु कोणत्याही आईबापास ती रक्कम घेण्याची वेळ येऊ नये, ह्यासाठीच हा सारा खटाटोप.

चौथी गोष्ट आईबापांस व पत्नीस सांगावयाची. मुलास धाडण्यासाठी सावकाराचे कर्ज काढू नये. कर्जाचे ओझे पाठीवर घेऊन झाडावर चढणारा मनुष्य वारा सुटला तरी खाली उतरत नाही, दोर झिजला तरी बदलत नाही, ताप असला तरी रजा मागत नाही. दरमहाचे व्याज त्यास वर ढकलीत असते. परदेशातील पुष्कळ अपघातांचे मूळ झाडात नसून गावच्या सावकाराच्या वहीत असते असे आमचे मत आहे. आणि मुलगा परत येतो म्हणाला तर 'लोक काय म्हणतील' ह्या भीतीने त्यास थोपवू नये. घरचे दार उघडे आहे हे ज्यास ठाऊक असते, तोच परमुलखात अन्यायास 'नाही' म्हणू शकतो.

शेवटी तरुणांस एवढेच सांगतो. झाडावर चढणे हे हलके काम आहे असे जो म्हणतो, त्यास झाडाखाली उभे करून एकदा वर पाहावयास लावावे. तुमची विद्या खरी आहे. अपुरी आहे ती तिची तयारी. एक वर्ष गावात राहून करवत शिका, छेद शिका, दोन दोरांची शिस्त शिका, परवाना व दाखला मिळवा, चार वाक्ये इंग्रजीची व चार अरबीची तोंडी करा. त्या वर्षअखेर परदेशाचे दार उघडले तर तुम्ही कारागीर म्हणून आत जाल, आणि नच उघडले तरी रस्त्याच्या कडेची धोक्याची झाडे, शाळांची पटांगणे, खाणींच्या वसाहतीतील जुनी चिंच-वडाची झाडे ह्यांस आपल्याकडेही जाणत्या हाताची वाण आहे. शिकलेले वर्ष कोणत्याही देशात वाया जात नाही.